काचेआडचा मिसळणाचा डबा

हॅलिफॅक्स, १२ सप्टेंबर २००९

रवींद्र,

मायना घालत नाही. एके काळी मी तुला 'अहो' म्हणत असे आणि पत्राच्या सुरुवातीला काय लिहावं यात अर्धी दुपार घालवत असे. आता 'तू' म्हणणार आहे. मेलेल्या बाईने भीड कुणाची धरायची?

पत्र दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी पाठवलं असतं तर तुझ्या बायकोने उघडलं असतं. मेगनला मराठी वाचता येत नाही, हे मला आता पक्कं कळलं आहे. येत असतं तर तुझे कागद वाचून तिला खरं कळलं असतं आणि तो डबा काचेच्या कपाटात गेलाच नसता.

पहिल्यापासून सांगते. ऊर्मी इथल्या युनिव्हर्सिटीत इतिहास शिकते, शेवटच्या वर्षाला आहे. तिचं नाव ऊर्मी. तुला माहीत नसेल. माझ्या भावाने, गुरुदत्तने, तुला केलेल्या तारेत नाव नव्हतं. 'मुलगी झाली, दोघी सुखरूप' एवढंच होतं. दोन उन्हाळे तिने केप ब्रेटनला, कोळशाच्या खाणीच्या म्युझियममध्ये गाइडचं काम केलं. तेव्हापासून तिला खाणकामगारांच्या वस्त्यांचं वेड लागलं. या ऑगस्टमध्ये म्हणाली, "आई, वेल्सला जाऊ या. सगळी म्युझियम्स बघू." लॅपटॉपवर तक्ता केला होता. कोणत्या दिवशी कुठे, बस किती वाजता, जेवायचं कुठे. कार्डिफ, सेंट फॅगन्स, बिग पिट, एक लोकरीची गिरणी, दोन किल्ले. आणि मध्येच, लाल अक्षरांत, तुझं गाव.

"तिथे काय आहे बघायला?" मी विचारलं.

"छोटं म्युझियम आहे, जुन्या चॅपलमध्ये. अँड बाबा वर्क्ड देअर. मला बघायचंय."

मी हो म्हटलं. तू पंधरा वर्षांपूर्वीच ब्रिस्टलला गेलास असं गुरुदत्तने कुठूनतरी ऐकलं होतं. म्हटलं, गावच बघायचं ना, बघू दे. मी तिथे दीड वर्ष राहिले होते. चढावरची ती घरांची रांग, तुझ्या दवाखान्यावरच्या दोन खोल्या, खिडकीतून दिसणारा कोळशाच्या चुऱ्याचा काळा डोंगर. वाटलं, मलाही एकदा बघता येईल. आता त्या डोंगरावर गवत आलं आहे. मेंढ्या चरतात.

आधल्या दिवशी सेंट फॅगन्सला गेलो होतो. तुला ठाऊकच असेल, मला तू कधी नेलं नाहीस. सगळ्या वेल्समधून जुनी घरं, दुकानं, चॅपलं दगड-दगड सुटा करून तिथे आणून पुन्हा रचली आहेत. त्यात मजुरांच्या सहा घरांची एक चाळ आहे. घरं एकसारखी, पण प्रत्येक घर वेगळ्या काळातलं सजवलेलं. पहिलं अठराशे पाचचं, शेवटचं एकोणीसशे पंच्याऐंशीचं. शेवटच्या घरात टीव्ही, भिंतीवरचा कागद, प्लास्टिकचा चहाचा ट्रे. आपल्या दोन खोल्यांत होता तसाच. ऊर्मी हसून लोटपोट. "आई, तुझा काळ म्युझियममध्ये गेला!" मीही हसले. बाकावर बसून आम्ही आइस्क्रीम खाल्लं. त्या सहलीतला तो एक दिवस चांगला गेला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच म्युझियममध्ये सापडले.

चॅपलच्या दारातल्या टेबलाशी मिसेस बेव्हन बसल्या होत्या. पोस्टाच्या दुकानातल्या. तेव्हा त्यांचे केस लाल होते. त्यांनी मला ओळखलं नाही. माझे केस आता कापलेले आणि पांढरे आहेत, चष्मा आहे, आणि शिवाय मी मेलेली आहे. आम्हाला बघून त्या खूश झाल्या. "तुमच्याकडच्यांचंही आहे हं आमच्यात! आत, सात नंबरचं कपाट."

सात नंबरच्या कपाटावर 'दुरून आलेले' असं लिहिलं होतं. एका इटालियन कॅफेवाल्याचं कॉफीचं यंत्र, कुणा स्पॅनिश खाणकामगाराची टोपी, आणि माझा मिसळणाचा डबा. उघडा. सात वाट्यांत त्यांच्या परीने मसाले भरलेले. हळद ओळखू आली. एका वाटीत दालचिनीची पूड होती, एका वाटीत रोझमेरी. झाकण शेजारी उभं केलं होतं आणि त्यावर ठिपक्यांनी कोरलेलं नाव समोर होतं. चि. सौ. कां. माधवी हिस, मावशीकडून, २८-५-८६. भांड्यांच्या दुकानात तो माणूस मांडी घालून ठोकत होता आणि मावशी शेजारी उभी राहून, "वेलांटी नीट काढा हो, नाहीतर पैसे देणार नाही," म्हणत होती.

ऊर्मीला मराठी वाचता येतं, पण एकेक अक्षर लावून. काचेवर बोट ठेवून तिने वाचलं. "मा-ध-वी. आई, युअर नेम!" आणि मग खालची इंग्रजी पाटी वाचली. ती तिला भराभर वाचता येते.

पाटीवर काय होतं ते तुला माहीत आहे, पण माझ्या हाताने लिहिते. 'मसाल्याचा डबा. डॉ. रवींद्र हर्डीकर यांच्या पहिल्या पत्नी माधवी (१९६४–१९८८) यांचा. बाळंतपणासाठी भारतात गेल्या असता त्यांचं आणि त्यांच्या बाळाचं निधन झालं. डॉ. व मिसेस मेगन हर्डीकर यांच्याकडून.'

मिसेस बेव्हन मागून आल्या. त्यांना वाटलं आम्हाला त्या दुःखाची कहाणी ऐकायची आहे. "फार गोड मुलगी होती," त्या मला म्हणाल्या. "माझ्या दुकानात येऊन कोथिंबीर मागायची. इथे कुठली कोथिंबीर! मी पार्सली दिली, तर बिचारी तीच घेऊन गेली. हसताना तोंडावर हात धरायची." मी तोंडावरचा हात खाली घेतला. "डॉक्टर परत आले तेव्हा बघवत नव्हतं त्यांच्याकडे. याच चॅपलमध्ये आम्ही तिच्यासाठी प्रार्थना केली. सगळं गाव आलं होतं. तिच्यासाठी आणि तान्ह्या बाळासाठी. मेगन होती म्हणून माणूस सावरला."

तू परत आलास? कुठून? पुण्याला तर तू आलाच नव्हतास. चार दिवस कुठे जाऊन बसला होतास? कार्डिफला एखाद्या हॉटेलात?

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून मी सातव्या महिन्यात निघाले. चार महिन्यांत परत येणार होते. डबा भरून ठेवला होता, तुला जिऱ्याची वाटी कोणती ते दाखवून ठेवलं होतं. तुझं एकच पत्र आलं, 'इतक्यात येण्याची घाई करू नये.' मग दोन वर्षांनी तुझे वडील घटस्फोटाचे कागद घेऊन आले आणि मी सह्या केल्या. त्या सह्या माझ्या हयातीच्याच होत्या. कोर्टात विचार.

ऊर्मीने मिसेस बेव्हनना विचारलं, "अँड द डॉक्टर?"

"डॉक्टर ना? खाली चौकातच दवाखाना. आत्ता गेलात तर भेटतील. बारापर्यंत असतात."

ऊर्मीने माझ्याकडे पाहिलं. ते कसं पाहिलं ते नंतर लिहीन. किंवा नाही लिहिणार.

मिसेस बेव्हननी चहा आणि मनुका घातलेले छोटे केक दिले, ते आम्ही खाल्ले. भेटवहीत मी अरुणा असं मैत्रिणीचं नाव लिहिलं. बाहेर आल्यावर ऊर्मी चौकाकडे चालायला लागली. मी तिचा दंड धरून तिला बसमध्ये घातलं.

तुझी क्षमा मला नको. डबाही नको. ती पाटी बदल. माझं काय लिहायचं ते लिही, टाकली म्हण, सोडून गेली म्हण. पण मुलीला जिवंत कर. ती एकवीस वर्षांची आहे आणि तिने स्वतःचं मरण इंग्रजीत वाचलं आहे. हे पत्र मिळाल्यापासून महिन्याभरात बदलली नाहीस तर मी मिसेस बेव्हनना लिहीन.

माधवी


हॅलिफॅक्स, २० सप्टेंबर २००९

रवींद्र,

उत्तराची वाट न बघता पुन्हा लिहिते आहे. त्या दिवशी पाकीट टपालात टाकलं आणि फेरीबोटीच्या धक्क्यावर बसून राहिले. अर्धंच लिहिलं होतं. ऊर्मीने माझ्याकडे पाहिलं ते तू तिला मारलंस म्हणून नव्हतं.

ऊर्मीच्या लेखी तू मेलेला होतास.

मीच सांगितलं होतं. कॅनडात आलो तेव्हा ती सहा वर्षांची होती. मॉन्ट्रियलला शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या नावापुढे एक चौकोन होता, मृत असल्यास खूण करा. मी खूण केली. फ्रेंचमध्ये होता तो फॉर्म, मला धड कळत नव्हता, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. पण तो शब्द कळत होता. पुण्यात सहा वर्षं मी 'टाकलेली' म्हणून काढली होती. आमच्या वाड्यातल्या बायका, 'आले का जावई?' म्हणून विचारायच्या आणि उत्तर न ऐकता पुढे जायच्या. इथे नवा देश होता. विधवेला लोक डबे आणून देतात. टाकलेलीला विचारतात, तू काय केलंस?

मग हॅलिफॅक्सला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली. इथे मराठी घरं अकरा. सगळ्यांना तेच सांगितलं. बाळ तीन महिन्यांचं असताना, हार्ट अटॅक. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुंकवाची डबी माझ्यापाशी आली की एक क्षण थांबायची. "अगं, हल्ली कोण मानतं?" म्हणत कुणी लावायची, कुणी नुसतीच हळद. मी मान खाली घालून घेत होते. तुझ्या नावाने, धडधाकट तुझ्या नावाने.

आणि खोटं एकदा सांगितलं की ते पोसावं लागतं. ऊर्मी आठ वर्षांची असताना तिने विचारलं, "माझ्या बाबांचं आपण काहीच का करत नाही?" शाळेतल्या चिनी मैत्रिणीच्या घरी पूर्वजांना फळं ठेवताना तिने पाहिलं होतं. तेव्हापासून दर सर्वपित्री अमावास्येला मी तुझं पान वाढलं. खीर, वडे, आमसुलाची चटणी, अळू मिळालं तर अळू. मागच्या डेकवर ठेवून आम्ही दोघी काचेच्या दाराआडून बघत बसायचो. कावळे इथे आहेत, पण सीगल त्यांच्या आधी येतात. वडा उचलून धक्क्याकडे पसार. ऊर्मी वाईट वाटून म्हणायची, "बाबांना समुद्र आवडायचा का?" मी म्हणायचे, हो.

तेरा वर्षं मी जिवंत माणसाचं पान वाढलं. आणि तिकडे तुझ्या गावाने माझ्यासाठी चॅपलमध्ये प्रार्थना केली होती. हिशेबाला आपण दोघं बरोबरीचे आहोत, असं तुला वाटेल. तसं वाटून घेऊ नकोस. मी तुला मारलं, पण तुझं मूल मारलं नाही.

तुझ्या गावाच्या दुसऱ्या दिवशी बिग पिट ही कोळशाची जुनी खाण बघायची होती. ऊर्मी रात्रीपासून बोलत नव्हती, पण तक्त्यात होतं म्हणून गेलो. खाली जायच्या आधी घड्याळं, मोबाइल, बॅटरी असलेलं सगळं वर काढून घेतात. डोक्यावर शिरस्त्राण, कमरेला दिव्याचं जड ओझं, आणि पिंजऱ्यातून तीनशे फूट खाली. बरोबर आलेला माणूस स्वतः जुना खाणकामगार. सारखा थट्टा करत होता. "कुणाला सासूबाईंना इथेच ठेवून जायचं असेल तर आत्ताच सांगा." सगळे हसले. एका जागी त्याने सगळ्यांना दिवे बंद करायला सांगितले. खाणीतली लहान मुलं अशा अंधारात एकटी बसून दारं उघडायची, म्हणाला. डोळ्यांसमोर धरलेला स्वतःचा हात दिसत नव्हता.

त्या अंधारात ऊर्मीचा आवाज आला. "आई, हाऊ लाँग हॅज ही बीन अलाइव्ह?"

मी म्हटलं, "नेहमीच."

"अँड यू न्यू."

"हो."

दिवे लागले. त्या माणसाने विचारलं, "ऑल राइट, लेडीज?" ऊर्मी म्हणाली, "येस, थँक यू." मग तिने घोड्यांचे तबेले बघितले, घोड्यांची नावं वहीत उतरवून घेतली. उरलेला तक्ताही पुरा केला. एक म्युझियम चुकवलं नाही. माझ्याशी फक्त बसच्या वेळांबद्दल बोलली.

परवा अमावास्या झाली. ती आता मैत्रिणींबरोबर खाडीपलीकडे, डार्टमथला राहते. फेरीने आली, तिची पुस्तकं न्यायला. ओट्यावर काहीच नाही हे बघून म्हणाली, "काय गं, या वर्षी डॅडला जेवायला नाही घालणार?" मराठीत म्हणाली. एरवी माझ्याशी इंग्रजीतच बोलते. टोमणा मारायला तिला माझी भाषा लागली.

हे सगळं तुला का लिहिलं? एवढ्यासाठी की तू पाटी बदललीस आणि तिला लिहिलंस, तर माझ्याबद्दल काय लिहायचं ते तुला ठाऊक असावं. माझी बाजू घेऊ नकोस. तिला फक्त सांग, 'तू जन्मल्याचं मला कळलं होतं.' हे वाक्य तिला माझ्याकडून चालत नाही.

माधवी


हॅलिफॅक्स, ८ नोव्हेंबर २००९

रवींद्र,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं, इंग्रजी, साडेतीन ओळी. 'पाटीत योग्य ती दुरुस्ती करण्यात आली आहे. हा विषय इथेच संपावा अशी विनंती. मेगनची प्रकृती नाजूक असते. यापुढे पत्र पाठवू नये.' खाली सही, औषधाच्या चिठ्ठीवर करतोस तशी.

ऊर्मीनेही तुला ऑक्टोबरात लिहिलं होतं, हे मला काल कळलं. तिला तेवढंही आलं नाही.

तू केलेली दुरुस्ती तिने बघितली. ईमेल करून मिसेस बेव्हनच्या नातीकडून कपाटाचा फोटो मागवला. झाकण उलटं ठेवलं आहे, नाव मागे. पाटीवर चार शब्द. 'मसाल्याचा डबा, भारत, १९८६.'

आधी निदान मी मेले होते. मेलेल्या माणसाला एक जन्मसाल असतं, नवरा असतो, बाळ असतं, त्याच्यासाठी चॅपलमध्ये लोक उभे राहतात. आता मी झालेच नाही. आणि ती पण.

ऊर्मीने फोटो लॅपटॉपवर मोठा केला आणि मला दाखवला. आम्ही शेजारी बसलो होतो, ऑगस्टनंतर पहिल्यांदाच. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "कॅटलॉगच्या दृष्टीने ही पाटी जास्त वाईट आहे. आधीची निदान तपासता आली असती." म्युझियममध्ये काम केलेली मुलगी आहे. ती असंच बोलते.

मी मिसेस बेव्हनना लिहिणार होते. कागद घेऊन बसलेही. पण काय लिहू? की तुम्ही जिच्यासाठी रडलात ती तुमच्यासमोर चहा पिऊन गेली, आणि जाताना वहीत खोटं नाव घालून गेली? तुझ्याइतकीच मीही त्या बाईला फसवून आले आहे. पत्र फाडलं.

तुझी प्रकृती कशी आहे ते तू लिहिलं नाहीस, मी विचारत नाही.

माधवी


हॅलिफॅक्स, १८ मे २०१०

रवींद्र,

पत्र पाठवू नको म्हणालास. हे शेवटचं, आणि हे तुझ्या सोयीसाठी आहे. वाचून टाक, लगेच वाच.

ऊर्मी काल रात्री लंडनला गेली. तिथून कार्डिफ. दोन आठवडे लायब्ररीत काम करेल आणि पाच जूनला, शनिवारी, तुझ्या गावात येईल. तिने मिसेस बेव्हनना कळवलं आहे की सात नंबरच्या कपाटातल्या डब्यावर काय कोरलं आहे ते तिला वाचता येतं, आणि त्या डब्याची खरी माहिती तिच्यापाशी आहे. हर्डीकर आडनाव लिहिलं नाही. माझ्या माहेरचं लावते ती, तेच लिहिलं. मिसेस बेव्हनना इतका आनंद झाला, की त्यांनी चॅपलमध्ये छोटा कार्यक्रमच ठेवला आहे. अकरा वाजता, चहा आणि केक. वस्तू ज्यांनी दिली त्यांना बोलवायचा रिवाज आहे म्हणे. तेव्हा तुला आणि मेगनला बोलावणं आलंच असेल. मेगनने हो पण कळवलं असेल. कार्यक्रमाचा कागद ऊर्मीने मला दाखवला, त्यात तुमची दोघांची नावं आहेत, वर फुलांची नक्षी काढून.

मी तिला थांबवलं नाही. थांबवायचा हक्क मी मॉन्ट्रियलला त्या चौकोनात गमावला.

तुला हे आधी का कळवते आहे, असं तू विचारशील. तुझ्यासाठी नाही. मेगन तुझ्या दवाखान्यातल्या खिडकीआड बसून फोन घ्यायची, तिच्याशी मी एकदाच बोलले आहे. मला म्हणाली होती, 'या थंडीत तुम्ही कसं निभावता?' आणि स्वतःचे लोकरीचे मोजे काढून दिले होते, मी नको नको म्हणत असताना. बावीस वर्षं ती एका मेलेल्या मुलीच्या जागेवर जपून पाय ठेवत राहिली असेल. माझा डबा घासून-पुसून तिने तिथे नेऊन दिला, मला विसरू नये म्हणून. खरं काय ते कपाटासमोर, चहाचा कप हातात धरून, सगळ्या गावादेखत तिला कळू नये. तिला तू सांग. घरी, दार लावून. पत्र मिळेल त्याच दिवशी सांगितलंस तर तिला निदान आठवडाभर तरी मिळेल. मला आणि ऊर्मीला एक पाटी वाचायला लागेल तेवढाच वेळ मिळाला होता.

ऊर्मीबद्दल थोडं. ती उंच आहे, तुझ्याहून दोन बोटं उंच असेल. शेंगदाणे चालत नाहीत, तेवढं केकबद्दल विचारून घ्यायला सांग. ती कुणाला मिठी मारत नाही, तूही मारू नकोस. ती तुला डॉक्टर म्हणेल. दुरुस्त करू नकोस. घाबरली की ती फार सभ्य बोलायला लागते. प्लीज आणि थँक यू वाढले, की समज आतून हलली आहे, आणि तिला बसायला खुर्ची दे. तू ओळख दाखवली नाहीस तरी ती आरडाओरडा करणार नाही. मी वाढवलेली आहे. ती वही काढेल आणि तू काय म्हणालास ते लिहून घेईल.

विमानतळावर मला तिने बॅग जड होती म्हणून येऊ दिलं. माफ केलं आहे असं समजू नकोस, तसं काही झालेलं नाही. गाडीत पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होती. सिक्युरिटीच्या रांगेत शिरायच्या आधी मी विचारलं, "काय बोलणार आहेस त्यांच्याशी?"

पासपोर्ट चाळत ती म्हणाली, "फार काही नाही, आई. एकच विचारायचंय. मला पुरलं कुठे?"

पाच जूनला अकरा वाजता ती तुझ्यासमोर उभी राहील. काय सांगायचं ते ठरवून ये.

माधवी